साडेसहा फुटी भट्टी

"पण रूळ कशाला?" मी विचारलं.

आप्पा परड्यात गुडघ्यांवर बसून, रुळावर पाणसळ ठेवून तिच्यातला बुडबुडा बघत होते. बुडबुडा बरोबर मध्ये येईपर्यंत ते कुणाशी बोलत नसत. तो मध्ये आला.

"ट्रॉली सरकायला," ते म्हणाले.

"ट्रॉली कशाला?"

"माल आत न्यायला."

"आप्पा, पिझ्झा आहे. नऊ इंची. लाकडी फळीवर ठेवायचा आणि आत ढकलायचा. सगळं जग तसंच करतं."

"जगाचं जग बघेल. माल हातानं ढकलू नये. बरं दिसत नाही."

याला आता अकरा वर्षं झाली. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो, केटरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आलो होतो. आप्पा जानेवारीत रिटायर झाले होते. एकतीस वर्षं 'औद्योगिक भट्ट्या' बांधल्याबद्दल कंपनीनं त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. पुढचे चार महिने ते त्या घड्याळासमोर खुर्ची टाकून बसले. पेपर नाही, टीव्ही नाही, बोलणं नाही. आई फोनवर म्हणाली होती, "निरू, दिवसभर घड्याळ बघतात रे. आणि किती वाजले विचारलं तर दचकतात."

म्हणून पिझ्झ्याच्या भट्टीची टूम मी काढली. माझ्या डोक्यात दोन दिवसांचं काम होतं. विटांचा घुमट, वर मातीचा लेप, पुढं एक तोंड. आप्पांनी नुसतं ड्रॉइंग काढायला आठ दिवस घेतले, पण खुर्ची रिकामी झाली. आई मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "काय वाट्टेल ते बांधू देत. मध्ये मध्ये बोलू नकोस."

मी बोललो नाही. भट्टी साडेसहा फूट लांब झाली तेव्हाही बोललो नाही. तोंडाला वर उचलायचं लोखंडी दार बसलं, त्याला साखळी, साखळीला कप्पी, कप्पीला पलीकडून वजन. दाराच्या बाजूला काचेचं एक गोल भोक, आत डोकावून बघायला. धुराडं अठरा फूट. शेजारच्या कॉलनीतले लोक सायकल थांबवून विचारायला लागले, की इथं साखर कारखाना निघतोय काय.

"हे भोक कशाला, आप्पा?"

"झालं की नाही ते कळायला नको?"

त्यांचं बरोबर होतं. त्यांचं सगळंच बरोबर असायचं, फक्त ते पिझ्झ्याचं वाटत नव्हतं.

एकदाच ते माझ्यावर ओरडले. कमानीच्या आत सांध्यांतून गळालेला चुना राहिला होता, तो खरवडायचा होता. हात पोचेना, म्हणून मी ट्रॉलीवर उताणा झोपलो आणि पाय टेकवून स्वतःला आत ढकललं. छान मावलो. डोक्याशी चार बोटं जागा, पायाशी चार बोटं. कमान वरून बघताना कळत नाही, पण आतून ती फार सुंदर होती. प्रत्येक वीट पुढच्या विटेला धरून. मी आतून ओरडलो, "आप्पा, एकदम मापात बसलोय बघा!"

पुढच्या क्षणी माझे दोन्ही घोटे धरून कुणीतरी मला बाहेर ओढलं. आप्पांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"बाहेर ये! आधी बाहेर ये! अक्कल आहे का?"

"मी नुसता साफ..."

"परत आत गेलास तर तंगडं मोडीन!"

आई मागच्या दारात उभी होती. तिनं मीठमोहऱ्या आणल्या, माझ्यावरून तीनदा उतरवल्या आणि मला डोक्यावरून आंघोळीला पाठवलं. दुपारचे बारा वाजले होते आणि माझी सकाळचीच आंघोळ झालेली होती. चुना खरवडल्यावर दृष्ट काढतात हे मला नवीन होतं. मी केटरिंगला असल्यामुळे बांधकामातल्या पद्धती मला माहीत नसतील, अशी मी माझी समजूत घातली.

मग आप्पांनी आमंत्रणं करायला सुरुवात केली. हे त्याहून नवीन होतं. ज्या माणसानं माझ्या मुंजीत आलेल्या पाहुण्यांना 'बसा' म्हणायला अर्धा दिवस घेतला, तो माणूस कॉलनीतल्या बारा घरांत स्वतः गेला. प्रत्येक घरी तेच वाक्य: "रविवारी दुपारी या. भट्टी बांधलीय. जेवायलाच या." घरी आल्यावर तेराव्या घराचा विचार करत बसले आणि मला म्हणाले, "चाळीस माणूस येईल. थांबेल किती?"

"जेवायला बोलावलंय तर थांबतीलच की."

"तसं नसतं," आप्पा म्हणाले. "येतात सगळे. थांबत नाहीत."

मी आईकडे बघितलं. आई लसूण सोलत होती आणि लसणाकडेच बघत राहिली.

शनिवारी आप्पांनी भट्टी तापवून ठेवली. लाकडावरची भट्टी ते आयुष्यात पहिल्यांदाच बांधत होते, डिझेलची सवय, म्हणून जळणाची पेटी त्यांनी डाव्या अंगाला काढली होती. बाभळीच्या ढलप्या, वर आंब्याचं लाकूड. दर अर्ध्या तासानं भोकातून बघायचे आणि मान हलवायचे. मी पीठ भिजवलं, टोमॅटोचा रस्सा आटवला. आईला पिझ्झा ही कल्पना पटली नव्हती. "भाकरीवर टोमॅटो टाकून लोकांना बोलवायचं म्हणजे..." असं म्हणत तिनं खर्डा केला, बारीक कांदा चिरला आणि दहा वांगी निखाऱ्यात भाजून घेतली, म्हणजे निदान भरीत तरी खाऊन जातील.

रविवारी साडेअकराला माणसं यायला लागली. सोसायटीचे सेक्रेटरी शेडबाळे काका सगळ्यांत आधी आले, कारण त्यांना सगळीकडे आधी पोचायची सवय होती. बरोबर काकू. मागून सरनोबत आजी, काठी टेकत. ऐंशीच्या पुढच्या, एकट्या राहायच्या, आणि कॉलनीत कुणालाही काहीही बोलू शकायच्या. झाडाखालची खुर्ची त्यांनी आपली आपण धरली. म्हणाल्या, "हे काय बांधलंयस रे भालचंद्रा? रेल्वे?"

"भट्टी आहे, आजी," आप्पा म्हणाले.

"एवढी लांब? काय सबंध माणूस भाजणार हायस?"

सगळे हसले. आप्पा हसले नाहीत. पण ते कधीच हसत नसत, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

पहिली खेप गेली. ट्रॉलीवर चौदा पिझ्झे, दोन ओळींत सात-सात. आप्पांनी साखळी ओढली, दार सरसर वर गेलं, ट्रॉली रुळांवरून आवाज न करता आत सरकली, दार खाली. इतकं देखणं काम, की चाळीस माणसं गप्प झाली. नुसती गप्प नाही. शेडबाळे काकांनी तर डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. का काढली हे बहुतेक त्यांनाही कळलं नसावं, कारण लगेच त्यांनी ती परत घातली आणि इकडेतिकडे बघितलं.

पिझ्झे बाहेर आले. लोक खायला लागले. "वेगळंच लागतंय," असं म्हणत शेडबाळे काकांनी चार तुकडे संपवले. आप्पा लोखंडी आकडा हातात धरून भट्टीपाशी उभे होते आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा ते घड्याळ आणि भट्टी सोडून माणसांकडे टक लावून बघत होते. माझ्या मनात आलं, जमलं.

तेवढ्यात हिंदुराव आले.

हिंदुराव खोत म्हणजे आप्पांनी कामावरून बोलावलेला एकमेव माणूस. 'माझे एक सहकारी' एवढंच आप्पांनी सांगितलं होतं. इस्त्रीचा सफारी, कपाळाला अष्टगंध, हातात पेढ्यांचा पुडा. फाटकातून आत आले, आप्पांच्या पाया पडायला वाकले, आप्पांनी धरलं. मग त्यांची नजर भट्टीवर गेली. ते जवळ गेले. दारावरून हात फिरवला. साखळी हलवून बघितली. भोकाला डोळा लावला. वळले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं.

"साहेब," ते म्हणाले, "हुबेहूब आपली!"

"खोत, जेवून घ्या," आप्पा घाईनं म्हणाले.

"रूळसुद्धा तेच की ओ! दार तेवढं बारकं केलंयसा."

"आपली म्हणजे कुठली?" शेडबाळे काकांनी तोंडातल्या घासासकट विचारलं.

हिंदुराव अभिमानानं ताठ झाले. "नदीवरची. स्मशानातली दाहिनी ओ, आपल्या नगरपालिकेची. साहेबांनीच बांधल्याली. तेरा वर्षं मी चालवतोय, एक दिवस बंद न्हाई."

परड्यात चाळीस माणसं होती आणि त्यांतल्या पस्तिसांच्या तोंडात घास होता. गिळायचं की थुंकायचं हा निर्णय ज्यानं त्यानं आपापला घेतला. मी गिळला. मला वाटतं, तोपर्यंत मला बाकीचं कळलं होतं. ट्रॉली, भोक, मीठमोहऱ्या. लहानपणापासून आप्पा साइटवरून आले की मागच्या नळाला आंघोळ करून मगच घरात यायचे. मी शाळेत निबंधात लिहिलं होतं, 'माझे वडील फार स्वच्छ आहेत.'

"आई," मी हळूच विचारलं, "तुला माहीत होतं?"

"बघायला आले तेव्हाच सांगितलं त्यांनी. मी म्हटलं, भट्टीच ना? दारू तर गाळत नाहीत." आईनं पदर खोचला. "माझ्या वडिलांना, अण्णांना, बेकरी म्हणून सांगितलं. ते जाईपर्यंत बेकरीच होती."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू शाळेत सांगितलं असतंस. मग तुझ्या डब्यातलं कोणी खाल्लं असतं?"

इकडे शेडबाळे काकांनी ताटली खाली ठेवली होती. "आता आंघोळ करावी लागणार काय?" त्यांनी हवेला विचारलं.

"कशाला?" काकू म्हणाल्या. "आपण नदीवर गेलोय कुठं? परड्यात आहोत."

"पण भट्टी तीच म्हणतात."

"तीच कुठं? नवी आहे. यात अजून कोणी गेलंय का?"

मी गेलो होतो, पण गप्प राहिलो.

"मापं तर तीच आहेत ना!"

"अहो, मापाला सुतक असतं का?"

उत्तर नसलं की माणसं निघायला लागतात. खुर्च्या सरकल्या. ताटल्या एकात एक बसल्या. शेडबाळे काकांनी आप्पांपुढं हात जोडले आणि 'येतो' न म्हणता फाटकाकडे वळले. नदीवरून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. त्यांच्या मागं आणखी सात-आठ जण, सगळे खाली मान घालून, एका ओळीत. ती ओळसुद्धा ओळखीची होती.

आप्पा आकडा धरून तसेच उभे होते. मी बघत होतो. एक-एक माणूस फाटकाकडे सरकत होता आणि आप्पा एक-एक महिना म्हातारे होत होते. त्यांची मान हळूच घराकडे वळली. आत खुर्ची होती.

काहीतरी बोलायला हवं होतं. मी मुद्दाम विनोद करणारा मुलगा होतो, कॉलेजात त्यासाठी प्रसिद्ध होतो. मला एकही सुचला नाही.

"ए, सफारी," झाडाखालून आवाज आला. सरनोबत आजी उठल्या नव्हत्या. पिझ्झ्याचा तुकडा हातात तसाच. "इकडं ये. तुला एक विचारायचंय. तीन वर्षं झाली, विचारायला माणूस मिळंना."

हिंदुराव गेले. आपण काय बोलून बसलो हे त्यांना एव्हाना उमगलं होतं, ते कानकोंडे झाले होते.

"विचारा की, आज्जी."

"आमच्या मालकांच्या गुडघ्यात स्टील घातलं होतं. मिरजेला ऑपरेशन केलं. दोनच महिने वापरलं आणि गेले. तिथं तुझ्याकडं आणलं होतं त्यांना. मग त्या स्टीलचं काय झालं? जळतं काय ते?"

फाटकाकडे जाणारी ओळ थांबली. शेडबाळे काकांचा हात कडीवर होता, तो तिथंच राहिला.

"न्हाई जळत," हिंदुराव म्हणाले. "कुठलं साल? उजवा का डावा?"

"उजवा. आषाढात."

"नाव?"

"सरनोबत. मास्तर होते."

हिंदुरावांनी डोळे मिटले, बोटांवर काहीतरी मोजलं आणि उघडले. "हाय."

"काय हाय?"

"गुडघा हाय, आज्जी. माझ्याकडं पेटीत हाय. चिठ्ठी लावून ठेवलाय, सरनोबत मास्तर, उजवा. तुमचे भाचे आलेले दुसऱ्या दिवशी अस्थी न्यायला. मी म्हटलं, ह्ये पण न्यावा. नको म्हणाले. टाकून कसं द्यायचं ओ? कुणाचातरी गुडघा हाय."

"त्या गाढवाला काय विचारायचं!" आजी भडकल्या. "दोनच महिने तर चाललेत ते त्याच्यावर. नवाकोरा हाय."

"आणून देऊ?"

आजींनी विचार केला. "आण. पण चहाच्या वेळेला आण. जेवताना नको." आणि त्यांनी हातातल्या तुकड्याचा घास घेतला.

शेडबाळे काका कडी सोडून परत आले. कसनुसं खाकरले. "आमच्या भाऊंना... म्हणजे, आत ठेवल्यावर, तासभर लागतो म्हणाले होते. खरंच तासभर लागतो?"

"माणसावर असतं," हे आप्पा बोलले. सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. "पन्नास मिनिटं ते दीड तास. तुमचे भाऊ कसे होते?"

"किरकोळ."

"मग तासाच्या आत. पहिल्या दहा मिनिटांतच सगळं संपतं. बाकीचा वेळ नुसती उष्णता."

"त्रास..."

"नाही. कमान तशीच काढलेली असते. ज्वाळ वरून फिरून येते, अंगावर येत नाही." आप्पांनी आकडा खाली ठेवला आणि हातांनी कमान काढून दाखवली. "मी त्यासाठी तीनदा ड्रॉइंग बदललं होतं. कंपनी म्हणाली, काय फरक पडतो? म्हटलं, पडतो."

शेडबाळे काकांनी खुर्ची ओढली आणि बसले. बसल्यावर हातांना काम नव्हतं, म्हणून ताटली परत घेतली. मग सगळेच बसले. इतकी वर्षं मनात ठेवलेले प्रश्न एकदम बाहेर आले, कारण नदीवर कुणी थांबत नाही आणि घरी कुणी विचारत नाही. भोकातून खरंच बघतात का? आपल्याच माणसाची राख कशावरून? पावसाळ्यात धुराड्यात पाणी जातं का? आप्पा एकेकाला उत्तर देत होते. मी वीस वर्षांत त्यांना एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. काकूंनी हिंदुरावांना विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटत?"

"कसली भीती ओ, वहिनी? तेरा वर्षांत एक माणूस भांडला न्हाई. पाणीपट्टीच्या खिडकीवर होतो, तिथं भीती वाटायची."

बोलता बोलता लोक खात होते. दुसरी खेप संपली, तिसरी लागली. मी पीठ लाटत होतो, आई खर्डा वाढत होती. 'अजून एक टाक' असं सगळ्यांत आधी कोण म्हणालं ते आठवत नाही. मी आप्पांच्या शेजारून जाताना हळूच विचारलं, "थांबत नाहीत म्हणालात ते हेच ना?"

"अठ्ठेचाळीस भट्ट्या बांधल्या," आप्पा पुढं बघत म्हणाले. "दरवेळी उद्घाटन. फीत कापायची, नारळ फोडायचा, भाषण. आणि मी दार उघडून दाखवायला गेलो, की मांडव रिकामा. चहासुद्धा ठेवून जायचे. बरं, ज्याच्यासाठी बांधली, तो तर काय सांगायला येत नाही, कशी झाली म्हणून."

मग त्यांनी कॉलर नीट केली आणि मुंजीत 'बसा' म्हणतानासारखा चेहरा करून चाळीस माणसांसमोर उभे राहिले.

"एक विचारायचं होतं," आप्पा म्हणाले. "भट्टी... म्हणजे, पिझ्झा कसा झालाय?"

"छान!" सगळे एकदम म्हणाले. "उत्तम! फारच छान!" मयताच्या घरी बोलतात तसं, पटकन आणि खाली बघून. आप्पांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. असं 'छान' त्यांनी अठ्ठेचाळीस भाषणांत ऐकलं होतं.

"कसला छान?" सरनोबत आजी म्हणाल्या. "मधी कच्चा हाय की."

मी डोळे मिटून घेतले.

"कच्चा?" आप्पांचा आवाज आला.

"कच्चा. दाताला चिकटतोय. तसाच खाल्ला, उगंच भिडेपायी."

"आणि कडेला करपलाय," काकू धीर करून म्हणाल्या.

"डाव्या बाजूचे जास्त करपलेत," शेडबाळे काका म्हणाले. "मी दोन्हीकडचे खाल्ले, म्हणून सांगतो. आणि धूर या बाजूला फार येतो. आमचे डोळे बघा."

मी डोळे उघडले. आप्पांनी खिशातून पेन काढलं होतं. कागद सापडेना, म्हणून एक पुठ्ठ्याची ताटली उलटी केली.

"थांबा, थांबा, एकेक जण सांगा," ते म्हणाले. आजींच्या खुर्चीपुढं ते लहान मुलासारखे मांडी घालून बसले. चेहरा असा उजळला होता, की आईनं वाढायचं थांबवून बघितलं. "आजी, आधी तुमचं. कच्चा म्हणजे नेमका कुठं? बोट ठेवून दाखवा."